बाळशाचा जमाखर्च

शाळा सुरू झाली की मुलांची उंची-वजने प्रगतिपुस्तकात भरण्याचे काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडते. एखादा लठ्ठ मुलगा काट्यावर चढला की वर्ग हसतो. त्याची आई मात्र ‘खात्यापित्या घरचा आहे, वयाबरोबर झडेल’ म्हणून समाधान मानते. हे आकडे मांडणे म्हणजे कारकुनी, असे पुष्कळांना वाटते. अशा वाचकांना एका इंग्रज बाईची हकीकत सांगण्याजोगी आहे.

बोअर युद्धाच्या वेळी इंग्लंडात सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण अशक्त ठरून परत गेले. साम्राज्य राखायचे तर बाळे धड वाढली पाहिजेत, असे सरकारला वाटू लागले. हेतू फारसा उदात्त नव्हे. पण त्यातून काम चांगले झाले. १९११ पासून हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड यांच्या देखरेखीखाली सुइणी नवजात बाळाचे वजन करीत. मग वर्षभर परिचारिका घरी येत. बाळ अंगावर पिते की बाटलीने, दात किती आले, वर्षाचे झाल्यावर वजन किती भरले, सारे वहीत उतरत असे.

त्या वह्या पुढे साउदम्प्टनच्या डॉ. डेव्हिड बार्कर यांच्या हाती लागल्या. १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचा त्यांनी माग काढला आणि १९८९ मध्ये निष्कर्ष मांडला. हृदयविकाराने मरणाऱ्यांचे देशातील प्रमाण १०० धरले, तर वर्षाचे असताना १८ पौंड वा कमी भरलेल्यांत ते १११ होते. २७ पौंड वा अधिक भरलेल्यांत अवघे ४२! हा सारा गरिबीचा परिणाम असेल, असे आक्षेपही आले. पण आपल्याकडच्या सुदृढ बालक स्पर्धांच्या परीक्षकांनी पेढे वाटावेत, असाच हा निकाल होता.

पुण्यात मात्र गोष्टीला निराळेच वळण लागले. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गर्भवतींची पाहणी केली. आयांचे वजन सरासरी ४२ किलोंच्या आसपास. बाळांचे सुमारे २.७ किलो. साउदम्प्टनचे बाळ ३.५ किलोंचे. आपले बाळ हाडकुळे, हे नुसत्या डोळ्यांनाही दिसत होते. पण कातडीची घडी चिमट्यात धरून मोजली, तेव्हा नवल उघडे पडले. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पाठीवरची चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बाळाइतकी! २००३ मध्ये हे प्रसिद्ध झाले. पोटात असताना अन्न तुटपुंजे मिळाले की गर्भ काटकसरी गृहिणीसारखा वागतो, असे अभ्यासक मानतात: मेंदूला आधी, स्नायूंना उरेल ते.

अशा काटकसरी देहात पुढे वारेमाप तूपसाखर पडली तर? त्याच रुग्णालयाने आठ वर्षांची ४७७ मुले तपासली होती. तो अहवाल १९९९ चा. जन्मतः हलकी नि आठव्या वर्षी अंगात चरबी भरलेली, अशा मुलांचे शरीर इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. मधुमेह आणि हृदयविकार यांची वाट इथूनच फुटते. आमच्या प्रगतिपुस्तकात जन्मवजनाचा रकाना नाही. तो असता, तर काट्यावरच्या त्या मुलाकडे पाहून हसण्याऐवजी मास्तरांनी आधी मागचे पान उलटले असते. ‘खात्यापित्या घरचा’ पोर नऊ महिने उपाशी राहिलेला असू शकतो, हे आम्हाला कोणी शिकवलेच नाही.

त्या सहा गावांत आणखी एक गोष्ट आढळली. ज्या आया पालेभाज्या, फळे नि दूध अधिक वेळा घेत, त्यांची बाळे अधिक भरदार. घरात सर्वांमागून जेवणाऱ्या सुनेच्या पानात पालेभाजी किती उरते, हे मी काय सांगावे!

त्या आयांच्या लेकी आणि लेक यथावकाश मोठे झाले. २०१२ मध्ये त्यांनाच, लग्नाआधीच्या वयात, ब-१२ जीवनसत्त्व देण्याचा प्रयोग सुरू झाला. पुढे त्यांचे संसार थाटले, पाळणे हलले, आणि काटा पुन्हा बाळंतिणीच्या खाटेशी आला.