अडुळसा, गुणेशास्त्री आणि जामखेडच्या बाया

‘झाडपाल्याच्या औषधाला साइड इफेक्ट नसतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी ऐकलंय. बहुतेकदा ते सांगणारा माणूस आपल्या भल्यासाठीच सांगत असतो. आज हे वाक्य नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, इतिहासात नेऊन जरा तपासून बघू.

सुरुवात 1917 पासून. त्या वर्षी गंगाधरशास्त्री गुणे यांनी नगरमध्ये आयुर्वेदाचं महाविद्यालय काढलं. काळ कसा होता? 1912 च्या मुंबई कायद्याने डॉक्टरांची सरकारी नोंदणी सुरू झाली होती, पण ती पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांची. वैद्य त्या यादीबाहेर. अशा वेळी वर्ग भरवून, रीतसर अभ्यासक्रम लावून आयुर्वेद शिकवायचा, म्हणजे आम्हीही शास्त्रच शिकवतो असं ठणकावून सांगणंच होतं. शास्त्रीबुवांनी ‘आयुर्वेदीय औषधी गुणधर्मशास्त्र’ लिहिलं तेही मराठीत. वैद्य-हकिमांना सरकारी नोंदवहीत जागा मिळाली ती 1938 च्या कायद्याने, म्हणजे तब्बल 21 वर्षांनी.

आता एक गोष्ट आपण विसरतो. आयुर्वेद म्हणजे नुसता पाला नव्हे. काष्ठौषधी आहेत तशी रसौषधीही आहेत, त्यात पारा येतो, धातूंची भस्मं येतात. 2004 साली बॉस्टन भागातल्या दुकानांमधली 70 आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तर 14 मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. आणि निव्वळ वनस्पतीचं म्हणाल, तर सर्पगंधा घ्या. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 मध्ये रक्तदाबावरचा तिचा गुण जगापुढे मांडला, पुढे 1952 मध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. औषध लागू पडत होतं, पण काही रुग्णांना त्याने नैराश्य येतं अशाही नोंदी झाल्या. गुण आहे तिथे अवगुणही असणार, मग औषध मुळीतून येवो की कारखान्यातून.

मग घरगुती औषधाचा खरा फायदा कुठला? माझ्या मते त्याचं उत्तर नगरपेक्षा जामखेडला जास्त चांगलं मिळतं.

1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं जामखेडला आलं. दोघं वेल्लोरला शिकलेले, पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केलेले. दवाखाना सुरू झाला तो गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत! 1971 च्या सुमाराला त्या भागात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे 176 वर्षाच्या आत दगावत. मोठं कारण हगवण. शिकलेल्या नर्सबाई खेड्यात राहायला तयार होईनात, म्हणून आरोळ्यांनी गावातल्याच बायांना शिकवायचं ठरवलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, बऱ्याच दलित वस्तीतल्या.

या बायांपुढचं काम अवघड होतं, कारण घरचं सगळंच चांगलं नव्हतं. जुलाब झाले की पोराचं पाणी तोडायचं, बाळंतिणीला उपाशी ठेवायचं, पहिलं पिवळसर दूध पिळून टाकायचं, हेही ‘घरगुती उपाय’च होते. ते सोडायला बाहेरच्या डॉक्टरने सांगून भागत नाही. शेजारच्या बाईने सांगावं लागतं, तेही पुन्हा पुन्हा. आणि हातात द्यायचं काय, तर मीठ, साखर आणि पाणी. लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. 1971 च्या बांगलादेश युद्धात डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या निर्वासित छावणीत हाच मार्ग पत्करून हजारो जीव वाचवले होते.

बघा, यात झाडपाला नाही आणि महागडं औषधही नाही. फायदा इतकाच की ते रात्री दोन वाजता, एस्टी नसताना, घरातच मिळतं. आमच्या आजीच्या परसातल्या अडुळशाचाही मोठा गुण तोच होता. पण जामखेडच्या बाया आणखी एक गोष्ट शिकल्या होत्या: क्षयाचा आणि कुष्ठरोगाचा संशय ओळखायला, आणि अशा माणसाला काढा न देता दवाखान्यात पाठवायला.