निळी भिंत, झिरोचा बल्ब आणि काळा दगड

पोपटी भिंत, तिला गुलाबी चौकट, देवघरात लाल झिरोचा बल्ब आणि टीव्हीच्या मागे निळा... असं घर दिसलं की शहरातली मंडळी "काय हा भडकपणा!" म्हणतात आणि आपल्या ऑफ-व्हाईट हॉलमध्ये परततात. 'भडक' हा शब्द मला आवडत नाही. म्हणणाऱ्याला फार विचार करावा लागत नाही आणि ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही. पण रंग उगाच येत नाहीत. भिंतीवरच्या प्रत्येक रंगामागे कुणाची तरी भट्टी, कुणाचा तरी व्यापार आणि कुणाची तरी आवड असते. त्यात दिव्यांचा प्रकाश मिसळला की गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते.

मला या गोष्टीची खोड लागली ती मामांच्या गावामुळे. चिखला, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. नाव चिखलाचं आणि कीर्ती दगडाची! तुमसर रोडहून तिरोडीकडे जो रेल्वेचा फाटा जातो त्या बाजूला गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग, सीतासावंगी, चिखला ही सगळी मॅंगनीजची गावं. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी इथं खाणकाम सुरू झालं. १९०५ च्या सुमारास रशियाच्या कॉकेशसमध्ये गोंधळ माजला, तिथला माल अडकला आणि मध्य प्रांतातल्या दगडाला एकदम भाव आला. १९०९ साली एल. एल. फर्मर या भूवैज्ञानिकानं भारतातल्या मॅंगनीजवर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि इथल्या एका खडकाला 'गोंडाइट' असं नाव दिलं, इथल्या गोंड लोकांवरून. पुढे १९५५ साली एका खनिजाला चिखल्याचं नाव मिळून 'चिकलाइट' झालं. नंतर त्या गटातल्या खनिजांच्या नावांची फेरमांडणी झाली तेव्हा ते गळालं. असो. एखाद्या गावाचं नाव काही वर्षं तरी खनिजशास्त्राच्या पुस्तकात राहिलं, हेही कमी नाही. १९६२ साली मॅंगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड स्थापन झाली, १९७७ साली ती पूर्ण सरकारी झाली. आज तिला सगळे 'मॉईल' म्हणतात.

चिखल्याची खाण भूमिगत आहे, हे इथं महत्त्वाचं. मामांनी आयुष्याची बरीच वर्षं जमिनीखाली काढली. आणि त्यांचं घर? छपरीला निळा, मधल्या खोलीला गुलाबी, स्वयंपाकघराला पिवळा, खाली सगळीकडे गुडघाभर काळा पट्टा आणि देवघरात हिरवा झिरोचा बल्ब. (लालच का नाही, असं मी एकदा विचारलं. "लाल सगळ्यायच्याच घरी असते," हे उत्तर.)

आधी निळ्याबद्दल. आपल्याकडच्या घरांचा मूळ रंग मातीचा. शेणानं सारवलेली जमीन, पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भिंती, कडेला गेरू. त्यानंतर आला चुना. चुना ओला असताना छान दिसतो, वाळला की पांढराफेक होतो. पण धूर, धूळ आणि काळ यांनी हळूहळू पिवळट पडतो. पिवळटपणा मारायला त्यात चिमूटभर नीळ टाकायची. धोतराला टाकतात तीच, त्याच कारणासाठी. पिवळ्यात थोडा निळा मिसळला की डोळ्याला ते जास्त पांढरं वाटतं. चिमटीच्या जागी मूठ टाकली की भिंत सरळ निळी होते. मग ती चूक राहत नाही, पसंती होते.

ही नीळ म्हणजे झाडाची नीळ नव्हे. चंपारणच्या शेतकऱ्यांना छळणारी ती वेगळी. ही अल्ट्रामरीन. युरोपात एके काळी हा रंग अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडापासून करत आणि तो इतका महाग असे की चित्रकार तो मेरीच्या वस्त्रासाठी राखून ठेवत. १८२४ साली फ्रान्समधल्या एका संस्थेनं जाहीर केलं की हा रंग स्वस्तात करून दाखवणाऱ्याला ६००० फ्रॅंक देऊ. १८२८ साली ते बक्षीस गिमे नावाच्या गृहस्थानं पटकावलं. त्याच वर्षी जर्मनीत ग्मेलिननंही आपली पद्धत छापली. कच्चा माल काय, तर पांढरी माती, सोडा, गंधक आणि कोळसा! राजेरजवाड्यांचा रंग शंभरेक वर्षांत धोब्याच्या बादलीत येऊन पडला आणि तिथून आपल्या भिंतीवर चढला. चुन्याशी याचं जमतं, हे त्याचं मोठं बळ. प्रशियन ब्ल्यू नावाचा दुसरा स्वस्त निळा चुन्यात घातला तर काही काळानं तपकिरी पडतो. अल्ट्रामरीन चुन्यात सुखानं नांदतो, आम्लापुढे मात्र हात टेकतो. म्हणजे खेड्यापाड्यांतल्या निळ्या भिंती केवळ हौसेनं निळ्या झाल्या नाहीत. चुन्यात टिकणारा, वाण्याकडे पुडीत मिळणारा आणि परवडणारा असा निळा तेव्हा हाच होता.

विदर्भात निळ्याला आणखी एक अर्थ आहे, तो विसरून चालणार नाही. १९४२ साली नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन स्थापन झालं, त्याचा झेंडा निळा. १९५४ साली बाबासाहेब आंबेडकरांनी लोकसभेची पोटनिवडणूक लढवली ती याच भंडाऱ्यातून, आणि ते हरले. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर या भागातल्या कितीतरी घरांवरचा निळा हा नुसता चुन्यातला निळा उरला नाही. पुडी तीच, बादली तीच. एका घरी ती पांढरेपणासाठी, दुसऱ्या घरी मान ताठ ठेवण्यासाठी. बाहेरून हसणाऱ्याला दोन्ही सारखेच 'भडक' दिसतात.

आता दिव्यांकडे येतो, कारण चिखल्याचा काळा दगड खरा तिथं भेटतो.

लहानपणी टॉर्चचे संपलेले सेल फोडण्याचा उद्योग कुणी केला नसेल असं मला वाटत नाही. मधली कार्बनची कांडी काढायची आणि तिनं फरशीवर रेघोट्या मारायच्या. हात काळेकुट्ट व्हायचे आणि मार बसायचा. तो काळा चुरा म्हणजे मॅंगनीज डायऑक्साइड. १८६६ साली लक्लांशे या फ्रेंच माणसानं जो सेल केला त्यात हेच होतं आणि पुढच्या कोरड्या सेलमध्येही हेच राहिलं. चिखल्याच्या शेजारच्या डोंगरी बुजुर्गच्या उघड्या खाणीतला दगड सेलच्या कारखान्यांना जातो. तिथं १९९१ पासून विजेच्या साहाय्यानं शुद्ध मॅंगनीज डायऑक्साइड करण्याचा कारखानाही आहे. म्हणजे मी नागपुरात बसून ज्या चुऱ्यानं हात काळे करत होतो, त्याच जातीच्या चुऱ्यानं मामांचे हात रोज काळे होत होते. त्यांना कुणी मारत नव्हतं एवढाच फरक.

खरं सांगायचं तर बहुतेक मॅंगनीज जातं पोलादात. घराच्या रंगा-दिव्यांसाठी जातं ते अगदी किरकोळ. पण या किरकोळ मॅंगनीजनं घरांचं रूप किती बदललं! काचेचंच बघा. वाळूत लोखंडाचा अंश असतो, म्हणून साधी काच हिरवट होते. त्यात बेतानं मॅंगनीज घातलं की हिरवा मरतो आणि काच पाण्यासारखी दिसते. म्हणून जुने काचकरी त्याला काचेचा साबण म्हणत. रोमन लोकांनाही ही युक्ती ठाऊक होती. पण साबण जास्त झाला, आणि वर वर्षानुवर्षं ऊन लागलं, की तीच काच जांभळी पडते. अमेरिकेत बॉस्टन शहरात बीकन हिल नावाची जुनी वस्ती आहे. तिथल्या काही घरांना १८१८ ते १८२४ या काळात विलायतेहून आणलेली तावदानं बसवली, ती उन्हानं जांभळी झाली. माल खराब निघाला म्हणून काढून टाकायला हवी होती ना? उलट ज्यांच्याकडे जांभळं तावदान ती घरं जुनी आणि खानदानी ठरली! आज लोक ती बघायला जातात. चिखल्यात कुणी खिडकीला जांभळी काच लावली तर तिला काय म्हणतील, हे सांगायला नको.

आणि ट्यूबलाइट. ही मला सगळ्यात नवलाची वाटते. नळीच्या आत पाऱ्याच्या वाफेतून निघतो तो अतिनील प्रकाश, डोळ्याला न दिसणारा. तो काचेच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर पडतो आणि भुकटी उजळते. १९४२ साली ब्रिटनमध्ये मॅककीग आणि रॅनबी यांनी जी भुकटी शोधली तिच्यात अॅंटिमनी आणि मॅंगनीज यांचा अंश असे. अॅंटिमनीचा उजेड निळसर, मॅंगनीजचा नारिंगी-पिवळा. दोन्ही मिळून पांढरा. प्रमाण बदललं की उजेड थंड किंवा उबदार. पुढे कित्येक दशकं आपण ज्या उजेडात जेवलो, अभ्यास केला, पाहुण्यांना कांदेपोहे दिले, त्या उजेडातला उबदार भाग मॅंगनीजचा होता. दगड काळा, त्याचा उजेड नारिंगी. एलईडीच्या कित्येक पडद्यांमधला लाल रंगही मॅंगनीजच्याच एका संयुगातून येतो.

झिरोच्या बल्बला मात्र यातलं काही नाही. तो साधा तारेचा दिवा, वरून रंग फासलेला. नाव झिरो, पण वीज खातो पंधरा वॅटच्या आसपास. रात्रभर जळतो म्हणून घरोघरी यावरून भांडणं होत. चिमणी आणि कंदील यांचा एकच पिवळा उजेड पाहिलेल्या पिढीला भिंतीवरच्या बटणासरशी हिरवा अंधार मिळू लागला, त्याची गंमत आपल्याला कळायची नाही.

मामांच्या घरी आता वाद आहे तो याच दिव्यांवरून आणि रंगांवरून. मामेभाऊ पुण्याला नोकरी करतो. त्यानं गावचं घर नीट करायचं काढलं: भिंती पांढऱ्या, वर फॉल्स सीलिंग, त्याच्या आत लपवलेले दिवे. त्याचंही चुकत नाही. छप्पर गळतं, वायरिंग जुनं आहे, पैसा तोच घालणार. त्यानं मोबाईलवर चित्रं दाखवली. मामा काही बोलले नाहीत. मामी बोलली.

"दिवसभर अंधारात रायते मानूस. घरी येऊन तरी डोऱ्याले रंग दिसू द्या."

मामा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी तिचा वर्तमानकाळ सुटलेला नाही. मी मुद्दाम विचारलं, तर कळलं की मधली खोली गुलाबी करण्याचा हट्ट तिचा नव्हताच, मामांचा होता. खाणीत कॅपवरच्या दिव्याचा गोल उजेड पडतो तेवढंच जग, आणि तेही काळं-राखाडी. आठ तास ते बघून वर आलेल्या माणसाला ऑफ-व्हाईट भिंत का आवडावी? शहरातला माणूस दिवसभर जाहिराती, सिग्नल, पडदे असले रंगच रंग बघतो आणि घरी पांढऱ्यात विसावा शोधतो. दोघंही आपापल्या दिवसाचा उतारा शोधताहेत, एवढंच मला वाटतं. आणि हा दगड नुसता काळाच नाही. त्याची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर माणसाची चाल बिघडते, चेहरा थिजतो, बोलणं अडखळतं. कूपर नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं हे १८३७ सालीच लिहून ठेवलं आहे, मॅंगनीज दळणाऱ्या कामगारांना पाहून. काचेचा साबण, सेलचा चुरा ही सगळी गोड नावं आपली, वापरणाऱ्यांची.

शेवटी तडजोड झाली. छपरी आणि मधली खोली पांढरी, स्वयंपाकघर आणि देवघर मामी म्हणेल तसं. काळा पट्टा सगळीकडे राहिला, कारण गवंड्यानंच सांगितलं की पावसाळ्यात पांढऱ्याचे हाल बघवणार नाहीत.

या सगळ्यात एक गोष्ट मी मामांना सांगितली. लास्कोच्या गुहेत सतरा हजार वर्षांपूर्वी माणसानं भिंतीवर बैल आणि घोडे काढले, त्यातला काळा मॅंगनीजचा आहे. आणि अमेरिकेत ओरेगनच्या विद्यापीठात, मूळचे चेन्नईचे मास सुब्रमण्यम यांच्या प्रयोगशाळेत, २००९ साली मॅंगनीजपासून निळा रंग निघाला. शोधत होते इलेक्ट्रॉनिक्ससाठी काहीतरी. मॅंगनीज ऑक्साइडमध्ये यिट्रियम आणि इंडियमची ऑक्साइडं मिसळून १२०० अंशांच्या भट्टीत घातली आणि बाहेर आली ती निळीशार पूड. इंडियम महाग, म्हणून तो रंग चित्रकाराच्या ट्यूबमध्ये मिळतो, भिंतीला परवडत नाही.

मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "चुन्यात टिकन का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढ्या भट्टीतून आलेला आहे, टिकायला हरकत नसावी.