पर्सीच्या मास्तरांचे मत

मंडळी, इतिहास म्हटले की आपल्याला राजे, तह आणि लढाया आठवतात. मीही शाळेत ३४ वर्षे तोच शिकवला. आज मात्र वेगळ्याच इतिहासाबद्दल लिहायला बसले आहे. वाचता-लिहिता नीट येत नाही म्हणून 'ढ' ठरलेली हुशार मुले कॉलेजपर्यंत आणि पुढे नोकरीपर्यंत कशी पोचली, आणि कुठे अडली, त्याचा हा इतिहास. फार जुना नाही, जेमतेम सव्वाशे वर्षांचा.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर सीफर्ड नावाचे गाव आहे. तिथल्या प्रिंगल मॉर्गन या डॉक्टरांनी १८९६ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये पर्सी नावाच्या १४ वर्षांच्या मुलाची हकीकत छापली. मुलगा चलाख, खेळात तरबेज, नजर उत्तम. तीन आकडी संख्यांचा गुणाकार झटकन करायचा. पण साधे साधे शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचे नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल व्हायची आणि आपले काही चुकले आहे हे त्याला कळायचेही नाही. मॉर्गननी याला जन्मजात शब्दांधळेपणा म्हटले. आज आपण डिस्लेक्सिया म्हणतो.

त्या लेखात एक गोष्ट आहे, ती माझ्यासारख्या शिक्षिकेच्या मनातून जात नाही. पर्सीला शिकवणाऱ्या मास्तरांचे मत डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. सगळे शिक्षण तोंडी असते तर हा मुलगा शाळेत सर्वांत हुशार ठरला असता, असे ते मत! म्हणजे बघा, निदानासाठी डॉक्टर लागला, पण मुलाची कुवत मास्तरांनी आधीच ओळखली होती. अडचण मुलाच्या बुद्धीत नव्हती. बुद्धी मोजायचे आपले एकमेव माप म्हणजे कागद, आणि तिथेच सारे अडले होते.

पुढची बरीच वर्षे हा विषय डॉक्टरांच्या वर्तुळातच राहिला. १९६३ मध्ये शिकागोला पालकांच्या एका परिषदेत सॅम्युएल कर्क यांनी 'लर्निंग डिसॅबिलिटी' हा शब्द मांडला आणि पालकांना आपल्या मुलांसाठी भांडायला एक नाव मिळाले. आपण मराठीत अध्ययन अक्षमता म्हणतो. १९८५ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात लँडमार्क कॉलेज सुरू झाले, तेच मुळी डिस्लेक्सिया असलेल्या विद्यार्थ्यांसाठी. मोठे काम लहान तुकड्यांत कसे तोडायचे, टिपणे कशी काढायची, वेळ कसा आखायचा, हे तिथे विषयाइतकेच मन लावून शिकवतात. इतर मुलांना जे आपोआप जमते असे आपण धरून चालतो, नेमके तेच!

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्र शासनाने अशा मुलांना शालान्त परीक्षेत सवलती द्यायला सुरुवात केली ती १९९६ साली. पर्सीच्या हकीकतीला तेव्हा बरोबर १०० वर्षे झाली होती! 'महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन' ही संस्था मुंबईत त्याच वर्षी स्थापन झाली. जादा वेळ, शुद्धलेखनाच्या चुकांकडे काणाडोळा, एखादी भाषा सोडण्याची मुभा, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचे अंकगणित अशा त्या सवलती. अनेक मुले त्यामुळे दहावीची वेस ओलांडू शकली. पण बीजगणित सोडलेल्या मुलाला पुढे विज्ञानाची वाट बंद होते, हेही खरे. सवलत त्या परीक्षेपुरती होती. पुढच्या आयुष्याचा विचार तिच्यात नव्हता.

कायद्याचे तर विचारूच नका. अपंगांसाठीच्या १९९५ च्या केंद्रीय कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती आणि स्वमग्नताही नव्हती. स्वमग्नतेचा उल्लेख १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आला. अध्ययन अक्षमतेला २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यापर्यंत थांबावे लागले. त्या कायद्याने ७ ऐवजी २१ प्रकार मान्य केले. सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत ५ टक्के जागा आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के राखीव झाल्या. मात्र त्या ४ तला एकच टक्का स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सगळ्यांत मिळून! शिवाय राखीव जागेसाठी किमान ४० टक्के अक्षमतेचा दाखला हवा.

हक्क कागदावर आला म्हणजे हातात पडला असे नाही. २०२१ च्या नीट परीक्षेत डिसग्राफिया, म्हणजे लेखनात अडचण असलेल्या एका विद्यार्थिनीला हक्काचा जादा तास मिळालाच नाही. ठरल्या वेळी तिची उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. फेरपरीक्षा मिळाली नाही, पण तिच्यावरचा अन्याय कसा दूर करता येईल ते पाहा, असे न्यायालयाने परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला बजावले. केंद्रांवरच्या माणसांना हे नियम शिकवा, असेही सांगितले. एका पर्यवेक्षकाला नियम ठाऊक नसला तर कुणाचे वर्ष पणाला लागते ते पाहा.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा असाच. तालुक्याच्या गावी राहतो. दाखल्यासाठी बापलेकांनी शहरातल्या सरकारी रुग्णालयाच्या चार खेपा घातल्या. कॉलेजच्या ऑफिसात उत्तर मिळाले, "हे शाळेतल्या मुलांचं असतं." बापाने अर्ज केला, पाठपुरावा केला, शेवटी लेखनिक मिळाला. मी त्याची पुस्तके मोठ्याने वाचून फोनवर पाठवत असे. माझा खाकरासुद्धा त्यात असायचा. पोरगा बी.कॉम. झाला, दुसऱ्या वर्गात. मला विचारतो, "बाई, मुलाखतीत सांगू का हो?" सांगावे तर दारातूनच परत पाठवतील, न सांगावे तर पहिल्याच आठवड्यात लेखी अहवाल मागतील. खरे सांगायचे तर या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. खाजगी नोकरीत राखीव जागेची सक्ती नाही. तिथे सगळे समोरच्या माणसाच्या समजुतीवर.

पण समजूत दाखवणारी माणसेही या इतिहासात आहेत. डेन्मार्कच्या थॉर्किल सोन्ने यांचा मुलगा स्वमग्न. त्यांनी २००४ मध्ये 'स्पेशालिस्टर्ने' नावाची कंपनी काढली. स्वमग्न माणसे मुलाखतीत बावरतात, हे ओळखून त्यांनी मुलाखतीवर भिस्त ठेवली नाही. उमेदवारांना लेगोचे यंत्रमानव जुळवायला दिले, काही आठवडे काम करू दिले आणि कामच पाहिले. जर्मनीची एसएपी ही कंपनी २०१३ मध्ये त्यांच्याबरोबर आली. तिचा सुरुवातीचा प्रयोग आपल्या बंगळूरच्या कार्यालयातच झाला होता. अशा सगळ्यांना आता 'न्यूरोडायव्हर्जंट' म्हणतात. शब्द जड आहे, अर्थ मात्र सोपा. मेंदूची घडण वेगळी, एवढेच.

मला यात पर्सीच्या मास्तरांचेच मत दिसते. माणूस काय करू शकतो ते पाहायचे असेल तर त्याला जमेल त्या मार्गाने करू द्या. शाळेने हे थोडे ऐकले. कॉलेजे आता कुठे ऐकू लागली आहेत. ऑफिसांनी अजून फारसे मनावर घेतलेले नाही.

वाचकांपैकी कुणी कॉलेजात शिकवत असेल तर सत्राच्या पहिल्याच दिवशी वर्गात सांगा की लेखनिक आणि जादा वेळ कुठे, कुणाकडे मागायचा. बरीच मुले विचारायलाच लाजतात. कुणी नेमणुका करत असेल तर लेखी चाचणीच्या जोडीला दोन दिवस प्रत्यक्ष काम देऊन पाहा. आणि नातेवाईक मंडळी, घरातल्या मुलाचा दाखला लग्नाच्या बाजारात अडचण नको म्हणून कपाटात दडवू नका. त्याच्या तीन-चार साक्षांकित प्रती काढून ठेवा. दर वर्षी लागतात.