‘सार्वजनिक’ या शब्दाचे दोन अर्थ : बेळगावचे वाचनालय आणि बंगळूरचा कायदा

बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये म्हैसूर संस्थानचे दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या स्मारक सभागृहात राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. त्याच राज्याच्या वायव्य टोकाला, बेळगावच्या गणपत गल्लीत, १८४८ साली स्थापन झालेले मराठी भाषकांचे सार्वजनिक वाचनालय आहे. दोन्ही संस्थांना ‘सार्वजनिक’ हेच विशेषण लागते. त्याचा अर्थ मात्र दोन्हीकडे एक नाही.

बेळगावची संस्था मुंबई इलाख्यातील ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’च्या परंपरेतली. रत्नागिरी (१८२८), अहमदनगर (१८३८), नाशिक (१८४०) आणि बेळगावच्याच वर्षी पुणे, असा हा क्रम आहे. या वाचनालयांत तेव्हा वाचायला होते तरी काय, हा प्रश्न वाङ्मयेतिहासात फारसा विचारला जात नाही. मराठीतील पहिली कादंबरी मानली जाणारी ‘यमुनापर्यटन’ १८५७ची, ‘ज्ञानप्रकाश’ १८४९चा. म्हणजे बेळगावात वाचनालय उघडले तेव्हा ज्याला पुढे आधुनिक मराठी साहित्य म्हटले गेले, ते बहुतांशी लिहिले जायचे होते. वाङ्मय वाढले म्हणून वाचनालये निघाली, हा रूढ क्रम येथे उलटा करून पाहावा लागतो. वाचण्याची जागा आधी तयार झाली. मजकूर मागाहून आला.

या परंपरेत ‘सार्वजनिक’ म्हणजे सरकारी नव्हे ते. नागरिकांनी वर्गणीतून उभे केलेले आणि निवडलेल्या कार्यकारिणीने चालवलेले. मुक्तद्वार वृत्तपत्र वाचनकक्ष, वर्गणीदारांसाठी देवघेव विभाग आणि व्याख्यानमाला ही अशा संस्थांची ओळखीची कामे. बेळगावच्या वाचनालयाने बॅ. नाथ पै यांच्या नावाने व्याख्यानमाला चालवली आहे. मात्र वर्गणी परवडणारा, साक्षर आणि प्रारंभी बहुधा पांढरपेशा पुरुष एवढीच या ‘सर्वजनां’ची व्याप्ती होती, हे गौरवग्रंथांतून सहसा सांगितले जात नाही.

मुंबई सरकारने १९३९ साली नेमलेल्या फैझी समितीने ग्रंथालयांच्या श्रेणीबद्ध रचनेची योजना मांडली. स्वातंत्र्यानंतर तिच्या अंमलबजावणीत वर्गणीवर चालणाऱ्या जुन्या वाचनालयांनाच अनुदानाचा आधार देण्याचे धोरण राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि तेथे विचार निराळा होता. १९६५च्या म्हैसूर सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने घरे व जमिनींवरील करावर ग्रंथालय उपकर बसवून शासनानेच शहर व जिल्हा ग्रंथालये चालवावीत, असे ठरले. या कायद्यामागे शि. रा. रंगनाथन यांच्या विचारांचा प्रभाव होता. १९६२ साली बंगळूरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र त्यांनीच स्थापले. (उपकर गोळा होणे आणि तो ग्रंथालयापर्यंत पोहोचणे या अर्थात दोन स्वतंत्र घटना आहेत.) महाराष्ट्राने १९६७च्या कायद्यात उपकर टाळला आणि लोकांनी चालवलेल्या वाचनालयांना मान्यता व अनुदान देण्याचा जुना मार्गच पुढे नेला. ज्या परंपरेत बेळगावचे वाचनालय जन्मले, तिला कायद्याचे रूप मिळाले ते असे सीमेपलीकडे. तत्त्व म्हणून रंगनाथनांचा मार्ग अधिक न्याय्य होता, हे मान्य करावे लागते. पण आधीपासून उभ्या असलेल्या, दुसऱ्या भाषेच्या संस्थेचे काय, हा प्रश्न त्या तत्त्वाने सुटत नव्हता.

तौलनिक अभ्यासाला हा तपशील प्रशासकीय वाटण्याचा संभव आहे. तथापि कन्नड कादंबरीचा आरंभ आठवावा. जुन्या म्हैसूर भागात बी. वेंकटाचार्यांनी बंकिमचंद्रांना बंगालीतून कन्नडात आणले. उत्तर कर्नाटकात गळगनाथांनी हरि नारायण आपट्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्या मराठीतून आणल्या. या दुसऱ्या वाटेवर मराठी वाचणारा कन्नड भाषक वाचक गृहीत आहे. अशा वाचकाचा माग अनुवादाच्या मुखपृष्ठावर लागत नाही. लागला तर सीमाभागातील जुन्या वाचनालयांच्या देवघेव नोंदवह्यांतच लागेल. तेथे ग्रंथाचा दाखलांक, सभासदाचे नाव, नेल्याची आणि परत केल्याची तारीख एवढेच रकाने असतात. घरी कोणती भाषा बोलली जाते, याला रकाना नसतो. तो अभ्यासकाने नावे, आडनावे आणि गल्ल्या जुळवून भरायचा असतो, तेही वही रद्दीत जाण्यापूर्वी.