ब्रेक ऑइल आणि गाडीचा रंग

ब्रेक ऑइल : पेडलवर किंवा लिव्हरवर दिलेला दाब चाकापर्यंत पोचवणारा द्रव. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 या प्रती खनिज तेलाच्या नसून मुख्यत्वे ग्लायकॉल ईथरांच्या असतात. हीच रसायने रंगकामात द्रावक म्हणून वापरली जातात. त्यामुळे सांडलेले ब्रेक ऑइल रंगाच्या थरात मुरते. थर फुगतो, मऊ पडतो, सुरकुततो आणि शेवटी पपडी धरून उचलतो. खाली प्रायमर किंवा लांबी उघडी पडते.

कारखान्यात भट्टीत पक्का केलेला रंग काही काळ तग धरतो. डबा-स्प्रेने मारलेला किंवा नुकताच दिलेला रंग मात्र काही मिनिटांतच सुटू लागतो. उन्हाळ्यात पारा 40 अंशांपुढे जातो आणि उन्हात तापलेल्या पत्र्यावर ही क्रिया आणखी वेगाने होते. सर्वाधिक धोका मोटरसायकलला, कारण डिस्क ब्रेकची डबी हँडलवर, थेट पेट्रोलच्या टाकीच्या वर असते. झाकणाचे दोन स्क्रू काढून आतला रबरी पडदा उचलला, की त्याला लागलेले थेंब टाकीवरच पडतात. म्हणून आधी टाकीवर ओले जाड फडके अंथरावे.

ब्रेक ऑइल पाणी शोषते. हा त्याचा मोठा दोष. कोऱ्या डॉट 3 चा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो, सुमारे 3.7 टक्के पाणी मुरले की 140 अंशांची हमी उरते. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरच्या (क्र. 52) कन्नडच्या औट्रम घाटात सतत ब्रेक दाबत उतरताना असे जुने ऑइल उकळते, वाफ दाबली जाते आणि पेडल खाली बसते. बहुतेक गाड्यांत दर दोन वर्षांनी ते बदलतात. उघडा राहिलेला डबा वापरू नये.

पाण्याशी असलेली हीच जवळीक रंग वाचवते. सांडताच भरपूर पाणी ओतावे, मग साबणाच्या पाण्याने धुवावे. कोरड्या चिंधीने पुसू नये; डाग पसरतो. काम सुरू करण्यापूर्वीच बादली भरून ठेवावी. रंग एकदा उचलला की पॉलिश निरुपयोगी. तो भाग खरवडून, धुऊन, पुन्हा प्रायमरपासून रंगवावा लागतो.

सिलिकॉनचे डॉट 5 रंगाला इजा करत नाही, पण ते वरील प्रतींत मिसळू नये. सिस्टिममध्ये डिझेल किंवा इंजिन ऑइल कधीच घालू नये. रबरी सील फुगून ब्रेक निकामी होतात.

जुनी गाडी घेताना बॉनेट उघडून मास्टर सिलिंडरच्या मागचा बूस्टर जरूर पाहावा. त्याचा काळा रंग सिलिंडरच्या खालच्या बाजूला उचललेला असेल, तर सील गळत असण्याची दाट शक्यता आहे; दुरुस्ती झाल्याशिवाय ती गाडी रस्त्यावर आणू नये.