चंद्राचा सातबारा

लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला चंद्रावर एक एकर घेऊन दिल्याच्या बातम्या आपल्याकडे अधूनमधून झळकतात. कागद देखणा असतो, प्लॉटचा नंबरही असतो. या धंद्याचं मूळ अमेरिकेतल्या डेनिस होप यांच्यापाशी सापडतं. १९८० मध्ये त्यांनी चंद्रावर स्वतःची मालकी जाहीर केली आणि एकरांनी विक्री सुरू केली. पण हक्क सांगणारे ते पहिले नव्हेत. चिलीतल्या हेनारो गाहार्दो वेरा यांनी १९५४ मध्येच नोटरीपुढे चंद्र आपल्या नावावर नोंदवला होता.

या कागदांना कायद्यात किंमत नाही, आणि त्याचं कारण या दोघांहून खूप मोठं आहे.

सप्टेंबर १९५९ मध्ये सोव्हिएत ‘लुना २’ चंद्रावर जाऊन आदळलं. त्यात देशाची राजचिन्हं कोरलेल्या धातूच्या पट्ट्या होत्या. परक्या किनाऱ्यावर झेंडा रोवून मुलूख आपला म्हणायची युरोपची जुनी रीत सगळ्यांना ठाऊक होती, पण मॉस्कोने चंद्रावर मालकी सांगितली नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अंटार्क्टिका करार झाला. तिथे सात देशांचे दावे आधीच उभे होते, त्यातले काही एकमेकांत अडकलेही होते. करारात ते मिटले नाहीत, नुसते गोठवले गेले. दावे उभे राहण्याआधीच दार लावून घ्यावं, हे शहाणपण अंतराळाच्या बाबतीत वेळेवर सुचलं. त्यामागे भीतीही होती: दुसरी महासत्ता आधी पोचली तर? १९६३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ठराव केला आणि २७ जानेवारी १९६७ रोजी अंतराळ करार सह्यांसाठी खुला झाला.

त्याचं दुसरं कलम एका वाक्याचं आहे. सार्वभौमत्व सांगून, वापरून, ताबा घेऊन किंवा आणखी कुठल्याही मार्गाने कोणत्याही राष्ट्राला चंद्र वा इतर खगोलीय पिंड आपलासा करता येणार नाही. वहिवाटीने हक्क लागू होण्याची वाटही त्यात बंद झाली. माणसाने पृथ्वीबाहेरच्या जगासाठी केलेला हा सर्वांत सुंदर कायदा आहे असं मला मनापासून वाटतं, कारण तो कुणी तिथे पाऊल ठेवण्याआधी झाला. दोन वर्षांनी अपोलो ११ ने झेंडा रोवला, तेव्हा अमेरिकी काँग्रेसनेच कायद्यात लिहून ठेवलं की ही मालकीची खूण नव्हे.

होप यांचा युक्तिवाद असा की बंदी राष्ट्रांवर आहे, माणसांवर नाही. पण सातबारा खरा ठरतो तो त्यामागे सरकार उभं असतं म्हणून. जे सरकारचं होऊच शकत नाही, ते सरकार कुणाच्या नावावर कसं चढवणार? शिवाय सहाव्या कलमाने खासगी कंपन्यांच्या अंतराळातल्या कामांची जबाबदारीही त्या त्या देशावरच टाकली आहे. ग्रेगरी नेमित्झ यांनी एरॉस या लघुग्रहावर हक्क सांगितला होता. २००१ मध्ये नासाचं यान तिथे उतरल्यावर त्यांनी वीस डॉलर पार्किंगचे मागितले आणि पुढे कोर्टात गेले. दावा फेटाळला गेला.

यान मात्र ज्याचं त्याचंच राहतं. आठव्या कलमात तशी तरतूद आहे. म्हणूनच १९९३ मध्ये न्यूयॉर्कला चंद्रावरची ‘लुनोखोद २’ गाडी रीतसर लिलावात विकली गेली. गाडी नव्या मालकाची झाली, तिच्या चाकांखालची माती नाही.

आणि ती माती उचलली तर? करार इथे गप्प आहे, आणि आजची सगळी ओढाताण याच जागी आहे. अमेरिकेने २०१५ मध्ये कायदा करून टाकला की काढलेलं खनिज काढणाऱ्याचं. मग लक्झेंबर्ग, संयुक्त अरब अमिराती आणि जपान त्याच वाटेने गेले. चंद्रमोहिमांसाठी अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या आर्टेमिस करारात खाणकामाभोवती ‘सुरक्षा क्षेत्रं’ आखण्याची सोय आहे. कागदावर ती तात्पुरती आहेत. पण दक्षिण ध्रुवाजवळ कायम सावलीत राहणाऱ्या, बर्फ असलेल्या जागा मोजक्या आहेत. अशा विवराभोवती वर्षानुवर्षं क्षेत्र आखून ठेवलं तर तो ताबा नाही तर काय?

चंद्र मानवजातीचा सामाईक वारसा मानणाऱ्या १९७९ च्या करारावर भारताने १९८२ मध्ये सही केली, मंजुरी मात्र अजून दिलेली नाही. जून २०२३ मध्ये आर्टेमिसवरही सही झाली आणि दोनच महिन्यांत चंद्रयान ३ दक्षिण ध्रुवाच्या बाजूला उतरलं. त्या सुरक्षा क्षेत्रांची मुदत किती आणि घेर केवढा, हे आता भारताने ठणकावून विचारायला हवं.