मुक्तामालेचे पुढे काय झाले?

अंबरनाथच्या शिवमंदिरात शिलालेख आहे. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चे साल त्यात कोरलेले आहे, आणि शिलाहार राजा मुम्मुणी याच्या कारकिर्दीशी देवळाचा संबंध त्यावरून जुळतो. इतका पक्का पुरावा दगडावर असताना गावातल्या एखाद्या पोराला तुम्ही सहज विचारून पाहा, हे देऊळ कुणी रे बांधलं? तो सांगेल, पांडवांनी, एका रात्रीत. उजाडलं म्हणून शिखर राहून गेलं. तिथून दोन पावले पुढे बदलापूर. तिथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे सांगतात. आणि अलीकडे उल्हासनगर. त्याची मात्र दंतकथा नाही. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची ती छावणी. लष्कराच्या रिकाम्या बराकींतून संसार मांडले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला गावाचे नाव मिळाले. ज्या गावाचा जन्मदिवस तारखेनिशी ठाऊक आहे त्याला पांडव कुठून आणणार?

मी इतिहास शिकवतो, तेव्हा शिलालेखाची बाजू घेणे हे माझे कामच आहे. पण एका रात्रीत देऊळ बांधणारे पांडव ज्या मुलाला हवे असतात, तो मुलगा पुढे चौदा-पंधरा वर्षांचा झाला म्हणजे वाचतो काय आणि पाहतो काय, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे असे मला वाटू लागले, त्याला एक निमित्त घडले. ते ओघाने सांगतो.

मराठी छापखान्याची सुरुवातच मुळी अद्भुताने झाली म्हटले तरी चालेल. वैजनाथ शर्मा यांची 'सिंहासन बत्तिशी' १८१४ साली छापली गेली, तीही इथे नव्हे, दूर बंगालमध्ये श्रीरामपूरला. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची 'वेताळ पंचविशी' १८३० ची. १८६१ पासून कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी अरबी भाषेतल्या सुरस व चमत्कारिक गोष्टी भागाभागांनी मराठीत आणायला सुरुवात केली. कृष्णशास्त्री म्हणजे व्याकरण आणि तर्कात मुरलेला पंडित. पण दिव्यातला राक्षस मराठीत बोलता करणे त्यांना कमीपणाचे वाटले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आणि त्याच १८६१ साली लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' आली. कारस्थाने, ताटातूट, अरण्यवास, दैवाने घातलेला घोळ आणि अखेरीस दुष्टांना शिक्षा, सज्जनांना सुख, असा तिचा सगळा थाट. नव्या शाळांतून बाहेर पडलेल्या तरुणांनी ती हातोहात उचलली. थोडे बाहेरच्या जगाकडे पाहू. इंग्लंडातली 'अॅलिस' १८६५ ची. म्हणजे आपली मुक्तामाला तिच्याहून चार वर्षांनी थोरली बहीण. अॅलिस १९०३ सालीच पडद्यावर गेली, सिनेमा नुकता रांगत होता तेव्हा, आणि त्यानंतर कितीदा तरी. धाकटीचे कौतुक जगभर झाले आणि थोरलीचे नाव आज एम.ए.च्या विद्यार्थ्याला परीक्षेपुरते पाठ करावे लागते. असे का व्हावे?

याचे एक उत्तर १८६८ सालीच दिले गेले आहे, आणि तेही अशाच एका लेखकाने. नारो सदाशिव रिसबूड यांच्या 'मंजुघोषा' या कादंबरीची प्रस्तावना मिळाली तर जरूर वाचा. कादंबरीपेक्षा ती प्रस्तावनाच मला अधिक मोलाची वाटते. रिसबुडांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा : आम्हा हिंदूंचे आयुष्य ते काय! लहानपणी लग्ने लागतात, पुढे सगळे ठरल्या मार्गाने चालते. मन गुंतवावे असे गुण नाहीत आणि तसे दुर्गुणही नाहीत. रोज अनुभवास येते तेच लिहावे तर त्यात रस कसला? म्हणून आम्हांला अद्भुताकडे वळावे लागते. किती प्रामाणिक कबुली आहे ही! आपण समजतो, की अद्भुत लिहिणारा माणूस भाबडा असतो. हा गृहस्थ भाबडा नव्हता. आपल्या समाजात काय नाही हे त्याला नेमके ठाऊक होते. ज्या मुलाने प्रेम करायचे त्या वयात त्याला दोन लेकरे असत, ज्या मुलीने घराबाहेर पाऊल टाकायचे ती माजघरात बंद. या मुलामुलींना साहस द्यायचे तर गंधर्वनगरीतच द्यावे लागणार, दुसरे कुठे?

पण विद्वानांना हे पटले नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक' यांविषयी निबंध लिहून असंभाव्य गोष्टींवर कोरडे ओढले. पुढे हरि नारायण आपटे आले. 'मधली स्थिति' १८८५ ची आणि 'पण लक्षांत कोण घेतो!' १८९० पासूनची. रिसबूड ज्या आयुष्यात रस नाही म्हणाले होते, त्याच माजघरात हरिभाऊ शिरले आणि तिथून त्यांनी यमू बाहेर आणली. रिसबुडांच्या मुद्द्याला याहून खणखणीत उत्तर नाही. हरिभाऊंचा विजय न्याय्य होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. फक्त त्या विजयात एक गोष्ट हकनाक मारली गेली. वास्तव म्हणजे प्रौढपण आणि अद्भुत म्हणजे पोरकटपणा, असे समीकरण शिकल्यासवरल्या मराठी माणसाच्या डोक्यात बसले ते बसले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९०२ साली 'कादंबरी' या निबंधात अद्भुताला स्वतंत्र जागा दिली होती. पण राजवाड्यांचे तरी कोण ऐकतो?

अद्भुत मेले नाही. ते ओसरीवरून मागच्या दाराला गेले. नाथमाधव हे त्या मागच्या दाराचे राजे. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. शिकारीच्या नादात कड्यावरून पडले, कमरेखालचे शरीर लुळे झाले, आणि अंथरुणावर पडल्यापडल्या या माणसाने मराठी तरुणांना घोड्यावर बसवून दऱ्याखोऱ्यांतून दौडवले. त्यांची 'वीरधवल' १९१३ ची. आमच्या आजोबांच्या पिढीने ती गणिताच्या पुस्तकात लपवून वाचली. लपवून, हा शब्द महत्त्वाचा आहे.

आता १९१३ हे साल म्हटले की तुम्हांला दुसरेच काही आठवले असेल. त्याच वर्षी ३ मे रोजी दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. फाळके स्वतः जादूचे प्रयोग करीत. आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' हे नाव त्यांनी घेतले होते. म्हणजे आपल्या सिनेमाचा जनक हा जातीचा जादूगार. 'लंकादहन' १९१७, 'कालिया मर्दन' १९१९. लंका पेटते, बाळकृष्ण नागाच्या फण्यावर नाचतो, लोक पडद्यासमोर हात जोडतात. अद्भुत दाखवायला कॅमेरा तयार होता, प्रेक्षक तयार होता, आणि शेजारच्या दुकानात वीरधवल विकला जात होता. मग दोघांची गाठ का पडू नये?

पडली नाही, कारण पुराणातल्या चमत्काराला कुणी पोरकट म्हणत नसे. तो देवाचा चमत्कार. कादंबरीतला चमत्कार मात्र निव्वळ माणसाच्या डोक्यातून निघालेला, त्याला कुणाचा आधार? प्रभात कंपनीचे उदाहरण घ्या. तिने १९३२ मध्ये 'माया मच्छिंद्र' काढला. गोविंदराव टेंबे मच्छिंद्र, दुर्गाबाई खोटे स्त्रीराज्याची राणी. कथा नाथसंप्रदायातली, घरोघर वाचल्या जाणाऱ्या 'नवनाथ भक्तिसारा'तून सगळ्यांना ठाऊक असलेली. याच प्रभातने कादंबरीकडे धाव घेतली नाही असे नव्हे. 'अमृतमंथन' (१९३४) नारायण हरि आपट्यांच्या 'भाग्यश्री'वरून निघाला, 'कुंकू' (१९३७) त्यांच्याच 'न पटणारी गोष्ट'वरून. त्याआधी बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' (१९२३) हरिभाऊंच्या 'गड आला पण सिंह गेला'वरून केला होता. इतिहास आणि समाज कादंबरीकडून घ्यावा, अद्भुत पोथीकडून घ्यावे, अशी जणू वाटणीच झाली होती. हळबे-रिसबुडांचे वारस या वाटणीत बिनवारशी राहिले.

मद्रासकडे मात्र निराळा प्रकार घडला, आणि तो मला फार बोलका वाटतो. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी १९४७ मध्ये 'चंदामामा' मासिक काढले. तेच आपल्याकडे १९५२ पासून 'चांदोबा' म्हणून आले. झाडाला लोंबकळणारे प्रेत खांद्यावर घेऊन निघालेला विक्रम कुणाला आठवत नाही? याच दोघांची विजया ही चित्रसंस्था. तिने १९५१ साली 'पाताळभैरवी' काढला आणि १९५७ साली 'मायाबजार'. गोष्ट छापणारा आणि गोष्ट पडद्यावर नेणारा एकाच घरात राहत होता! पोराला महिनाभर वाचायला वेताळ, आणि सुट्टीत पाहायला मांत्रिक.

मुंबईत अद्भुत चित्रपट निघत नव्हते असे मुळीच नाही. बाबूभाई मिस्त्रींनी १९३७ च्या 'ख्वाब की दुनिया'त काळ्या दोऱ्याने वस्तू हवेत नाचवल्या, तेव्हापासून लोक त्यांना 'काला धागा'च म्हणू लागले. होमी वाडियांचा 'हातिमताई' १९५६ चा. पण ते सारे हिंदीत, आणि गोष्ट अरबी-फारशी. हिंदीवाल्यांनी आपली कादंबरीही टाकली नाही. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' १८८८ ची, मुक्तामालेची दूरची मावसबहीणच म्हणा. ती १९९४ मध्ये दूरदर्शनवर मालिका होऊन आली. तेव्हा मी शाळेत होतो. रविवारी सकाळी चाळीतली सगळी पोरे एका खोलीत, आणि क्रूरसिंहाचे ते 'यक्कू' सोमवारी वर्गावर्गातून घुमायचे. आम्ही मराठी शाळेतली मुले, आणि आम्हांला जादूचा तिलिस्म हिंदीतून कळला.

आता निमित्ताकडे येतो. वर्गात मी एकदा विचारले, हॅरी पॉटर किती जणांना माहीत आहे? सगळे हात वर. पुस्तक किती जणांनी वाचले? सात-आठ. त्यातल्या दोघींनी मराठीतून वाचले होते, 'हॅरी पॉटर आणि परीस'. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ते मराठीत आणले. परीस हा शब्द पाहा. लोखंडाचे सोने करणारा हा दगड आमच्या संतांच्या तोंडी शेकडो वर्षे आहे. इंग्रजी पोराच्या शोधात तो निघाला तेव्हा अनुवादकाला शब्द शोधत हिंडावे लागले नाही. तसेच टोल्किनच्या महाकादंबरीचे. मुग्धा कर्णिक यांनी ती 'स्वामी मुद्रिकांचा' या नावाने मराठीत आणली. भाषा कुठे अडली नाही. गौरी देशपांडे यांनी तर बर्टनच्या अरबी रात्री सोळा खंडांत मराठी केल्या आहेत.

हॅरी पॉटरचे पहिले पुस्तक १९९७ चे, सातवे २००७ चे. पहिला चित्रपट २००१ चा, आठवा २०११ चा. म्हणजे पुस्तके संपायच्या आतच चित्रपट सुरू झाले होते. नायक अकरा वर्षांचा होता तो सतरा वर्षांचा झाला, आणि वाचकही त्याच्याबरोबर मोठा झाला. लहान मुलांची परीकथा नव्हे आणि मोठ्यांची कादंबरीही नव्हे, अशी ही मधल्या वयाची चीज. आपल्याकडे या वयासाठी लिहिणारे भा. रा. भागवत होते. त्यांनी जूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीचा बनेश फेणे जन्माला घातला. 'फास्टर फेणे' दूरदर्शनवर आला, २०१७ मध्ये चित्रपटातही आला. पण फेणे सायकलवर बसून चोर पकडतो, तो मंत्र म्हणत नाही. साहस चालेल, चमत्कार नको, ही १८७२ ची अट तिथेही पाळली गेली आहे.

आणि चमत्कार आला तो कुठून? राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड' २०१८ साली आला. गाव कोकणातले, वाडा ब्राह्मणाचा, आणि त्याचे एक मूळ नारायण धारपांच्या 'आजी' या कथेत. धारप म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटात ज्यांची पुस्तके वाचून वाचून फाटलेली असतात आणि अभ्यासक्रमात ज्यांचे नाव नसते असे लेखक. मराठी लेखक, मराठी दिग्दर्शक, मराठी गाव. आणि चित्रपट हिंदी. पैशाची गणिते असतात, मला मान्य आहे. तरी पाहताना मनाला कुठेतरी टोचले.

तर त्या तासानंतर एक मुलगा मागे थांबला. राहणारा बदलापूरचा, आई अंबरनाथच्या कारखान्यात. त्याने वही पुढे केली. दोनशे पाने गच्च लिहिलेली. अंबरनाथच्या देवळाच्या गाभाऱ्यात खाली उतरल्यावर एक वाट लागते, तिथून पुढे पांडवांच्या त्या एका रात्रीत जाता येते, आणि एक मुलगी शिखर पुरे करायला तिकडे निघते, अशी काहीशी कथा. भाषा कच्ची होती. पण रात्र खरी वाटत होती. तो मला म्हणाला, "सर, मराठीत असलं चालतं का? का हिंदीत करू?"

मी त्याला शिलालेखाचे साल सांगितले नाही. रिसबुडांच्या प्रस्तावनेची छायाप्रत माझ्याकडे होती, ती दिली. चार दिवसांनी परत आला.

"सर, हा माणूस तेव्हा माझंच बोलत होता. याचं पुढचं पुस्तक कुठं मिळेल?"

मी म्हटले, "तुझ्याच गावात श्याम जोशींनी उभं केलेलं 'ग्रंथसखा' आहे. जुनी मराठी पुस्तकं जपलेली जागा आहे ती. तिथं जाऊन आधी मुक्तामालेची चौकशी कर."

वही अजून माझ्याकडेच आहे. पहिल्या नव्वद पानांचे शुद्धलेखन तपासून झाले आहे.